धूमकेतूचं तिसरं नाव

८ सप्टेंबर २०२४, रविवार. मलकापूर.

तारघरात नोकरीला होतो तेव्हा रोज डायरी लिहायचो. २०१३ साली तारसेवा बंद झाली. पुढची वर्षं टेलिफोनची बिलं घेण्यात गेली आणि डायरी सुटली. आज पुन्हा धरतो आहे, कारण एकाच दिवसात दोन बातम्या आल्या.

पहिली. जाकीर दिवाळीनंतर नागपूरला चालला, कायमचा. त्याचा मुलगा जुनेद तिकडे नोकरीला आहे, जाकीरच्या बायकोचे, बानोभाभीचे, गुडघे गेलेत, दुकानावरच्या घराच्या एवढ्या पायऱ्या त्यांना होत नाहीत. स्टेशन रोडवरचं चष्म्याचं दुकान बंद होणार. बातमी सांगताना जाकीर माझ्याच चष्म्याची काडी सरळ करत होता. म्हणाला, "आताच नंबर तपासून घे बे. मंग कोण पाहीन तुह्या डोयाकडे?"

दुसरी. मोताळ्याच्या शाळेतून अश्विनी मॅडमचा फोन. त्या तिथे मुख्याध्यापिका आहेत, आमचा दोघांचा आभाळाचा नाद त्यांना ठाऊक. शाळेत एक खोली रिकामी आहे, तिचं आकाशदालन करायचं म्हणतात. भिंतीवर सहा फलक: तारे, ग्रह, बटुग्रह, लघुग्रह, उल्का, धूमकेतू. प्रत्येक म्हणजे काय आणि त्याचं नाव कसं ठरतं, हे मुलांना कळेल असं लिहून द्यायचं. "काका, तुम्ही आणि जाकीरचाचा दोघं मिळून कराल का?"

मी हो म्हणून टाकलं. तेवढंच महिनाभर रोज जाकीरच्या दुकानात बसायला निमित्त.

१२ सप्टेंबर, गुरुवार

ताऱ्यांचा फलक झाला. भांडतच झाला.

मी लिहिलं, रोहिणी. जाकीर म्हणाला, इंग्रजीत जे नाव चालतं ते मुळात अरबी आहे, अल् दबरान, म्हणजे मागून येणारा. कृत्तिकांचा पुंजका पुढे आणि हा त्याच्या मागोमाग उगवतो, म्हणून. लहानपणी मदरशात शिकलेलं अरबी त्याला आकाशापुरतं अजून आठवतं.

"तुमच्यात ती चंद्राची बायको, आमच्यात कोणाच्या तरी मागं फिरणारा," जाकीर म्हणाला. "पोरायले दोन्ही सांगू. तारा तं एकच हाय."

मृगाच्या पायाशी चमकणारा राजन्य. त्याचं इंग्रजी नावही अरबीच, अर्थ नुसता पाय. हे मी सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी त्याच्याकडूनच ऐकलं होतं, पण आज पहिल्यांदा ऐकतोय असं दाखवलं. त्याला सांगायला आवडतं.

बानोभाभी चहा ठेवून म्हणाल्या, "भालूभाई, तुम्ही दोघं बोलायले लागले का मले वाटते, अजून वर छतावरच बसले हायेत."

१९ सप्टेंबर, गुरुवार

बटुग्रहांवर दोन दिवस गेले. प्लूटो ग्रहांतून काढला याचा जाकीरला अजून राग. मी म्हटलं, त्याच्या वाटेवर इतर पुष्कळ दगडगोटे आहेत, वाट त्याने साफ केलेली नाही, म्हणून तो बटुग्रह. "वाट साफ नाही म्हणून काढलं तं आपल्या स्टेशन रोडलेही काढा मंग," म्हणाला.

उल्का पंधरा मिनिटांत उरकली. पडताना जळताना दिसते ती उल्का, जमिनीवर हाती लागतो तो अशनी, आणि नाव तो जिथे सापडला त्या गावाचं. लोणार आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे मुलांना फार समजवावं लागणार नाही.

मग लघुग्रह. आधी त्याला वर्ष आणि अक्षरं मिळतात, कक्षा पक्की झाली की क्रमांक, मग नाव. नाव सुचवायचा मान शोधणाऱ्याचा, पण स्वतःचं नाव देता येत नाही. दुसऱ्याचंच द्यावं लागतं.

जाकीरने हे पुन्हा एकदा वाचलं. म्हणाला, "चांगला नियम हाय."

मी म्हटलं, "धूमकेतूचं उलट. शोधणाऱ्याचंच नाव लागतं. पहिल्या तिघांपर्यंत."

"तो फलक आखरीले करू," तो म्हणाला.

मी लगेच हो म्हटलं.

२८ सप्टेंबर, शनिवार

जाकीरकडे आवराआवर चालू आहे. माळ्यावरून दुर्बिणीचा आरसा निघाला. जुन्या साडीच्या घडीत बांधलेला, सहा इंचांचा. वरचा मुलामा काळवंडलाय. मी हातात घेतला तर वजन ओळखीचं लागलं.

शहाऐंशी साली हॅलेचा धूमकेतू आला होता, तेव्हा आमची ओळख झाली. जाकीर तेव्हा पंचविशीचा, वडिलांच्या दुकानात भिंगं घासायचा. पुठ्ठ्याच्या नळीला चष्म्याचं भिंग बसवून तो स्टेशनच्या पुलावर उभा होता आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणत होता, पाहा, पाहा. थांबलो फक्त मी. धूमकेतू दिसला नाही. दोघांना मिळून मालगाडीचा दिवा दिसला.

त्यानंतर हा आरसा. काचेच्या दोन चकत्या, मध्ये पाणी आणि घासायची पूड. पिंपावर एक चकती पक्की बसवायची, दुसरी तिच्यावर ठेवून घासत पिंपाभोवती फिरत राहायचं. चार महिने फिरलो. मी कचेरीतून सुटलो की थेट तिथे. शकुंतलेचं आणि माझं लग्न नुकतंच झालेलं. ती म्हणायची, तुमच्या बुशकोटाला नवऱ्याचा वास येत नाही, ओल्या दगडाचा येतो. मुलामा मुंबईहून करून आणला, नळी पावसाच्या पाण्याच्या पाइपाची. दुकानाच्या छतावर दुर्बीण उभी राहिली. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू उडून नेत्रिकेवर, डोळा लावायच्या भिंगावर, बसत. जाकीर फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "नवीन तेजोमेघ सापडला."

तीन वर्षं आम्ही रोज संध्याकाळी पश्चिमेचं आभाळ पट्ट्यापट्ट्याने तपासलं. धूमकेतू हवा होता. आमच्या नावाचा.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यानंतर जाकीरने ते सोडलं. म्हणाला, आता आपले ग्रहच बरे. पुढच्या उन्हाळ्यात जुनेद झाला, संसार वाढला, वेळ नसेल मिळत, असं मी धरलं. जुनेद झाल्याची तार मात्र बानोभाभीच्या माहेरच्यांना त्याने नांदुऱ्याला जाऊन केली. तारघरात त्याचा मित्र बसलेला असताना हा पंचवीस-तीस किलोमीटर लांब जाऊन तार करतो! मला तेव्हा फार लागलं होतं. म्हणाला, काही कामानं तिकडे गेलो होतो. असेल.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पेपरात आहे की एक मोठा धूमकेतू येतोय. दसरा झाला की संध्याकाळी पश्चिमेला दिसेल. त्याला एका चिनी वेधशाळेचं आणि एका दुर्बीण-योजनेचं नाव आहे. कोणा माणसाचं नाही. आता यंत्रंच रात्रभर आभाळ तपासतात.

जाकीरने फोन करून विचारलं, "येशील ना पाहाले? या छतावरून आखरीचा."

म्हणून आज लिहितो. हे मी कधी कुठे लिहिलं नाही.

२७ आणि २८ नोव्हेंबर १९८९. लोकसभेच्या निवडणुकीचे निकाल लागत होते. तारघरात जेवायलाही उठता येईना. तीन वर्षांत मी छतावर गेलो नाही असे सलग दिवस तेच दोन. त्या दोन्ही संध्याकाळी जाकीर एकटा होता. सोमवारी त्याला गरुडाच्या खाली एक धुरकट ठिपका दिसला, जो नकाशात नव्हता. मंगळवारी तो सरकलेला होता.

बुधवारी सकाळी तो खिडकीशी आला. डोळे लाल. बेंगळुरूच्या वेधशाळेला पाठवायची तार त्याने फॉर्मवर लिहून आणली होती: स्थान, तेज, सरकण्याची दिशा. शेवटी पाहणाऱ्याचं नाव. जाकीर. एकच.

मी शब्द मोजले, पावती दिली. तो गेला. आणि फॉर्म मी टेबलाच्या खणात ठेवला.

मनाला सांगितलं की आधी खात्री करू. वर्षापूर्वी आम्ही असाच एक ठिपका कळवला होता आणि तो जुनाच तारकागुच्छ निघाला होता. पुन्हा हसं नको. हे खोटं नाही. पण खरंही एवढंच नाही. त्या संध्याकाळी मी रजा टाकून छतावर गेलो आणि धूमकेतू पाहिला. जाकीरने माझा खांदा इतका दाबला की दुखला. गुरुवारी सकाळी तार पाठवली. पाठवताना त्याच्या नावापुढे माझं नाव वाजवलं. तारयंत्राच्या किल्लीवर माझंच नाव वाजवताना बोटं अडखळली, एरवी मी कधी अडखळत नसे.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दुकानाच्या पत्त्यावर. जाकीरने तोंडी सांगितलं, "उशीर झाला. तिघांची नावं लागली. तिसऱ्यानं बुधवारी रातच्याले कळवलं." मी म्हटलं, निकालांच्या तारांनी लाइन तुंबली होती. तो म्हणाला, "हाव, असंल."

बुधवारी सकाळी तार गेली असती तर तिसरं नाव जाकीरचं होतं.

पस्तीस वर्षं तो लाइनला दोष देतोय. बिचाऱ्याला ठाऊक नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज सांगणार होतो. दुकानात एक म्हातारी चष्मा घ्यायला आली, मग जुनेदचा फोन, मग टेम्पोवाला सामान बघायला. सबबी आहेत या. मध्ये अर्धा तास आम्ही दोघंच होतो.

धूमकेतूचा फलक जाकीरने सांगितला, मी लिहून घेतला. "बर्फ, धूळ. सूर्याजवळ आला का शेपटी फुटते. नाव शोधणाऱ्याचं. अन् लिही, नुसतं पाहून होत नाही. खबर पोचली पाहिजे."

"पोचली पाहिजे," मी लिहिलं.

"खाली रेघ मार," तो म्हणाला.

घरी शकुंतला म्हणाली, "जेवणात लक्ष नाही तुमचं. मित्र जाणार म्हणून एवढं?" मी हो म्हटलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

काल ढग. आज दुपारी एक सर येऊन गेली आणि आभाळ धुतल्यासारखं झालं. सहाच्या आधीच छतावर गेलो. बानोभाभी गुडघे धरत, बसत उठत वर आल्या.

सूर्य गेल्यावर आधी शुक्र दिसला. मग बराच वेळ काही नाही. पावणेसातला जाकीर म्हणाला, "स्वातीच्या डावीकडे पाह्य." दिसला. पाठीमागे चंद्र मोठा असूनही दिसला. खाली तोंड करून पडत असल्यासारखा, शेपटी वर, पुसट पण लांब. भाभींनी जाकीरच्या हातातल्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणीतून बघितला, काहीतरी पुटपुटल्या आणि नमाजाला खाली गेल्या.

आम्ही दोघं उरलो. दुर्बीण जाकीरच्या डोळ्यांना होती. मी म्हटलं, "जाकीर, ती तार मी बुधवारी पाठवलीच नव्हती. गुरुवारी पाठवली. लाइन चालू होती. अन् माझं नाव घातलं तिच्यात."

त्याने दुर्बीण खाली घेतली नाही.

"ठाऊक हाय मले."

"कव्हापासून?"

"पत्र आलं तव्हापासून. वर लिहिलं होतं, प्रिय जाकीर आणि भालचंद्र, तुमची तीस तारखेची तार मिळाली. मी तं एकोणतीसले देली होती. एका नावाची."

पत्र दुकानावर आलं होतं. ते मी कधी बघितलंच नव्हतं, बघायला मागितलं नव्हतं. पस्तीस वर्षांत एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

"काऊन नाही बोलला?" मी विचारलं.

"बोलाले आलो होतो. तारघराच्या पायरीवर उभा राह्यलो पत्र घेऊन. तू आत खटखट करून राह्यला होता. मनात म्हटलं, आज बोललो तं हा माणूस गेला. धूमकेतू तं आधीच गेला होता." त्याने आता दुर्बीण माझ्या हातात दिली. "पण त्यानंतर तुह्या हातात तार द्यायचं मले भेव वाटे. जुनेद झाला तव्हा नांदुऱ्याले गेलो. काम काही नव्हतं."

तो पुढे म्हणाला, "मीही फार्म लिहिताना थांबलो होतो. तीन वर्षं दोघं बसलो इथं. तुहं नाव लिहू का नको लिहू. मंग म्हटलं, नियम हाय, ज्यानं पाह्यलं त्याचं. तू नव्हता ते दोन रोज. लिहिलं असतं तं तू खणात ठेवलं असतं का?"

"नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "माहीत नाही."

"मलेही माहीत नाही."

"माफ केलं का मले?"

"ते नको इचारू. रोज चहा पाजला ना तुले." आणि मग आभाळाकडे बघून, "पाह्य, चालला तो खाली. पाहून घे."

मी दुर्बीण लावली. दोन दिवे दिसले, चार दिसले. डोळे पुसल्यावर पुन्हा एकच राहिला, घरांच्या टाक्यांच्या वर.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

काल कोजागिरीचं दूध पिताना शकुंतलेला सगळं सांगितलं. तिने पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "बानोभाभींना माहीत असणार."

"असेल."

"म्हणजे इतकी वर्षं ईदला डबा आणताना त्यांना माहीत होतं," ती म्हणाली आणि आत निघून गेली. भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने वाजत होती.

आज धूमकेतूच्या फलकाच्या तळाशी चार ओळी नव्या लिहिल्या आणि जाकीरला न विचारता अश्विनी मॅडमना पाठवून दिल्या.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीच्या सुट्टीआधी दालन पुरं व्हावं म्हणून मॅडमनी बोलावलं होतं. जाकीर आणि मी सकाळच्या एसटीने मोताळ्याला गेलो. सोयाबीन घेऊन निघालेल्या गाड्यांनी रस्ता भरलेला.

खोली चांगली झाली आहे. छत गडद निळं. ज्ञानेश्वर पेंटर शेवटच्या फलकावर दुसरा हात मारत होता. जाकीर एकेक फलक वाचत निघाला, बोटाने ओळी धरून, जसा तो दुकानात गिऱ्हाइकाला अक्षरांचा तक्ता वाचायला लावतो तसा. अल् दबरानपाशी हसला. प्लूटोपाशी मान हलवली. धूमकेतूपाशी आला आणि खालच्या ओळींवर थांबला.

तिथे असं होतं: १९८९ साली मलकापूरचे चष्मेवाले जाकीर मनियार यांनी घरी घडवलेल्या दुर्बिणीतून एक नवा धूमकेतू स्वतंत्रपणे पाहिला. त्यांनी वेळेत तार दिली होती. तारबाबूने ती मुद्दाम एक दिवस अडवून ठेवली. त्यामुळे धूमकेतूला त्यांचं नाव लागू शकलं नाही.

त्याने ते दोनदा वाचलं. ओठ हलताना दिसत होते. मॅडमही वाचत होत्या. त्या म्हणाल्या, "चाचा, तुम्ही कधी सांगितलंच नाही आम्हाला."

जाकीर पेंटरला म्हणाला, "हे गलत हाय."

मला वाटलं, पुसायला सांगतो. पुसलं तरी चालेल, असंही वाटलं. खरं तर बरंच वाटलं असतं.

"इथं तारबाबू लिहिलं," जाकीर म्हणाला. "तारबाबू म्हंजे कोण? एवढ्या भिंतीवर दगडायलेही नावं हायेत, अन् याले नाही? पोरं इचारतीन."

ज्ञानेश्वर म्हणाला, "मंग काय टाकू?"

जाकीर माझ्याकडे बघत नव्हता. ते मीच सांगायचं होतं, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

"भालचंद्र नारखेडे," मी म्हटलं. "तारबाबू भालचंद्र नारखेडे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या उगाचच खिडकी उघडायला गेल्या. पेंटरने पट्टी लावून जागा मोजली. म्हणाला, बसणार नाही, अक्षरं बारीक करावी लागतील.

"कर," जाकीर म्हणाला. "पण वाचता आलं पाह्यजे."

रंग सुकेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. मॅडमनी चहा पाठवला. जाकीरने बशीत ओतून प्यायला, मी कपाने.

परतीच्या गाडीला गर्दी. एकच जागा मिळाली, ती मी जाकीरला दिली आणि दांडा धरून शेजारी उभा राहिलो. गाडी सुटल्यावर त्याने हात पुढे करून माझी पिशवी घेतली आणि मलकापूर येईपर्यंत मांडीवर धरून बसला.